चातुर्य आणि शहाणपण

वादात प्रतिपक्षाला निरुत्तर करणाऱ्या माणसास आपण सहज शहाणा म्हणतो. परंतु चातुर्य आणि शहाणपण या एकाच गोष्टी आहेत काय? आमच्या मते त्यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर देवी अहिल्याबाई होळकर यांच्या चरित्रात जसे स्पष्ट दिसते तसे क्वचितच अन्यत्र दिसेल.

बाईंचे पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले. सासरे सुभेदार मल्हारराव १७६६ साली निवर्तले आणि पुढच्याच वर्षी पुत्र मालेरावही गेले. दौलतीला वारस उरला नाही. दत्तक बसवून कारभार आपल्या हाती ठेवावा, असा दिवाण गंगाधर यशवंत यांचा बेत होता, व त्यांच्या पाठीशी रघुनाथराव पेशवे फौजेनिशी माळव्यात उतरले. त्या वेळी बाईंनी पाठविलेल्या निरोपाचा आशय परंपरेने सर्वश्रुत आहे: आपण जिंकलात तर एका विधवेस जिंकल्याचे भूषण ते काय, आणि हरलात तर जगात तोंड दाखविण्यास जागा उरणार नाही. निरोप पाठवून बाई स्वस्थ बसल्या नाहीत. युद्धाची सिद्धताही त्यांनी केली. थोरल्या माधवरावांनी बाईंचा अधिकार मान्य केला आणि लढाई न होताच प्रसंग टळला.

हे चातुर्य खरेच. पण गोष्ट येथेच संपली असती तर तिचे मोल बेताचेच राहिले असते. कारण आपले आसन राखण्यापुरती बुद्धी पुष्कळांपाशी असते. राखलेल्या आसनावर बसून मनुष्य काय करतो, यावरून त्याचे शहाणपण ठरते.

सर जॉन माल्कम यांनी बाईंच्या पश्चात माळव्यातील लोकांकडून माहिती मिळवून १८२३ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात सिरोंजच्या एका निपुत्रिक सावकाराच्या विधवेची हकीकत आहे. तेथील अंमलदाराने मोठी रक्कम मागून, न दिल्यास मालमत्ता जप्त करण्याची धमकी दिली. ती बाई दत्तक मुलास घेऊन महेश्वरी आली. अहिल्याबाईंनी दत्तक मान्य केला, अंमलदारास दूर केले, मुलास वस्त्रे व अलंकार दिले आणि स्वतः नजराणा मात्र घेतला नाही. दुसरी हकीकत अशी की, एका ब्राह्मणाने बाईंच्या स्तुतिपर ग्रंथ रचला. तो त्यांनी शांतपणे ऐकून घेतला, आपण या स्तुतीस पात्र नाही असे सांगितले, आणि ग्रंथ नर्मदेत टाकण्याची आज्ञा दिली.

रघुनाथरावांना जे उत्तर दिले ते परक्याच्या लोभाला होते. नजराणा नाकारला तेव्हा अधिकाराबरोबर येणाऱ्या लोभाला उत्तर दिले. ग्रंथ नदीत गेला तेव्हा उत्तर स्वतःच्याच मनाला होते. पहिले उत्तर देण्यास चातुर्य पुरते. पुढची दोन देण्यास शहाणपण लागते, कारण तेथे प्रतिपक्ष आपल्याच घरात असतो.

कोणी म्हणेल, राणीला धनाची काय वाण? पण १७९५ पर्यंत चाललेल्या त्या अठ्ठावीस वर्षांच्या राज्यात दानधर्म मुख्यतः खासगीच्या उत्पन्नातून झाला. ही खासगी १७३४ साली सासूबाई गौतमाबाईंच्या नावे मिळालेली. काशीविश्वनाथाचे देवालय १७८० साली उभे राहिले. स्वतःच्या हौसेमौजेवर खर्च करता आले असते, ते धन घाटांना, धर्मशाळांना, अन्नछत्रांना गेले.

आपणां देवस्थानच्या सभासदांना यातून विचारण्यासारखा प्रश्न एकच आहे. सभामंडपाच्या फरशीसाठी वर्गणी देताना आपले नाव कोणत्या दगडावर, कितव्या ओळीत येईल, याची चौकशी आपण आधी करतो. विश्वस्तपद मिळाले की किल्ल्या आपल्याच कमरेला शोभतात असे वाटू लागते. आम्हीही याला अपवाद नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. नाव कोरणे पाप नव्हे. पण नाव कोरले नाही म्हणून हात आखडला, तर ते दान नव्हते, व्यवहार होता.

तो स्तुतिग्रंथ आज कोणी वाचत नाही. तो नर्मदेत टाकणारीचे नाव मात्र घाटाघाटांवर लोक घेतात.