नावे आणि जमा

परदेशी कायमचा निघालेला माणूस स्वतःसाठी निघालाय, असं मी आजवर ऐकलेलं नाही. तो मुलांसाठी जातो. मुलं नसतील तर होणाऱ्या मुलांसाठी जातो. आणि जो जात नाही, तो आई-वडिलांसाठी राहतो. निवृत्तीनंतरच्या वर्षांत डोंबिवलीहून विमानतळावर माणसं पोचवायला मी इतक्या वेळा गेलोय, की तिथला चहावालासुद्धा मला 'आज कोण?' एवढंच विचारतो. रात्री दोन वाजता त्या काचेच्या दाराबाहेर उभं राहून पाहावं तर सगळीकडे त्यागच त्याग! ढकलगाड्यांवर त्याग रचलेला, वर दोरीनं बांधलेला, आणि प्रत्येक नग तेवीस किलोच्या आत बसवलेला.

मी बँकेत एकोणचाळीस वर्षं काढली. त्या नोकरीनं पेन्शन दिली आणि एक खोड लावली. कुठलीही रक्कम दिसली की ती कुणाच्या नावे पडली आणि कुणाच्या खाती जमा झाली, हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. बँकेत नियम साधा होता. एखाद्याच्या नावे रक्कम टाकायची तर त्याची सही हवी. आता 'आम्ही मुलांसाठी चाललो' हे वाक्य त्या नियमानं तपासा. घर विकलं, नोकरी सोडली, म्हातारी माणसं मागं ठेवली, एवढा सगळा खर्च मुलांच्या नावे पडला. सही कुठाय?

पूर्वी हा घोळ नव्हता. समुद्र ओलांडणं हेच मुळी पाप होतं, त्यामुळं जाणाऱ्याला कारणं शोधावी लागत नसत, परत आल्यावर पंचगव्य घेतलं की हिशेब मिटला. आनंदीबाई जोशींना मात्र एवढ्यावर भागवायचं नव्हतं. १८८३ साली अमेरिकेला निघण्यापूर्वी त्यांनी श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या, नगर जिल्ह्यातल्या नव्हे, भर सभेत उभं राहून लोकांचे प्रश्न एकेक करून घेतले आणि आपण का चाललो ते सांगितलं. तेव्हा वयाची अठरा वर्षंही पूर्ण नव्हती. देशात बायकांना बायका डॉक्टर हव्यात, आणि मी होणार. यातला 'मी' मला फार आवडतो. पुढच्या शंभर वर्षांत आपल्याकडून परदेशी माणसं पुष्कळ गेली, पण हा 'मी' कुठं गळाला कोण जाणे.

१९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि आमच्या गल्लीतली पोरं आखाताकडे निघाली, तेव्हा कारणं होती ती बहिणींची लग्नं. बायकामुलांना नेण्याइतका पगार असल्याशिवाय तिथं कुटुंबाचा परवाना मिळत नसे, म्हणून माणूस एकटाच जाई. दोन वर्षांनी एकदा तो टेपरेकॉर्डर, जपानी साड्या आणि परदेशी साबणाच्या वड्या घेऊन येई, गल्लीभर वास सुटे, महिनाभरानं तो परत जाई. त्याच्या हिशेबात लबाडी नव्हती. खर्च त्याच्या नावे, जमा घरच्यांच्या खाती. बहिणीचं लग्न झालं म्हणजे तिला काही मस्कतला जाऊन राहावं लागत नसे.

आता माणूस कुटुंबासकट जातो. म्हणजे ज्या कारणासाठी जायचं ते कारणच शेजारच्या सीटवर बसलेलं असतं आणि दर दहा मिनिटांनी 'आलं का?' म्हणून विचारत असतं.

आमच्याकडेच बघा ना. चिरंजीव, सूनबाई आणि सात वर्षांची नात कॅनडाला निघाली आहेत. कॅनडा सरकारनं २०१५ सालापासून परदेशी माणसाला गुण द्यायची एक पद्धत काढली आहे. बाराशे गुणांची परीक्षा. वय, शिक्षण, भाषा, अनुभव, सगळ्याला गुण. वयाचे पूर्ण गुण एकोणतीसपर्यंत, तिशीपासून ते गळायला लागतात आणि पंचेचाळीस पुरी झाली की शून्य. त्यामुळं गेली तीन वर्षं आमच्या घरात वाढदिवस हा सुतकासारखा पाळला जाई. केक कापताना चिरंजीव म्हणत, 'गेले अजून काही गुण!' जोडीदाराचे जास्तीत जास्त चाळीस गुण धरतात. आमच्याकडे सूनबाई फिजिओथेरपिस्ट, तिचे गुण नवऱ्यापेक्षा बरे, शिवाय २०२३ पासून तिकडे आरोग्याच्या कामातल्या माणसांना वेगळी निवड सुरू झाली, म्हणून मुख्य अर्जदार ती झाली आणि आमचे चिरंजीव तिच्या मागं जोडीदार म्हणून लागले. लग्नाच्या पत्रिकेत आम्ही त्यांचं नाव केवढ्या मोठ्या टायपात छापलं होतं!

मी ते गुणपत्रक चष्मा लावून वाचलं. भाऊ किंवा बहीण कॅनडात असेल तर पंधरा गुण. आई-वडील इकडे भारतात असतील तर? काही नाही. वाढवतही नाहीत, कापतही नाहीत. तो रकानाच नाही. मला राग आला नाही. दुसऱ्या देशाच्या सरकारनं माझ्या गुडघ्यांची काळजी का करावी? पण वहीत रकाना नसलेली रक्कम पाहिली की बँकेतला माणूस जरा वेळ तिथंच थांबतो.

सगळ्यात मोठी नोंद मात्र नातीच्या नावे पडली होती. 'तिच्या भविष्यासाठी' हे शब्द घरात दिवसातून चार वेळा उच्चारले जात. तिच्या वर्तमानाबद्दल कुणी विचारलं नव्हतं. ते असं आहे. तिच्या शाळेच्या रिक्षात कडेची जागा सेवाज्येष्ठतेनं मिळते. ज्युनियर केजीत माणूस मध्ये दाबून बसतो, दुसऱ्याच्या डब्यातली भाजी आपल्या फ्रॉकवर घेतो, आणि वरच्या वर्गातलं कुणी शाळा सोडून गेलं की एकेक इंच बाहेर सरकतो. आमची नात तीन वर्षं सरकत होती. येत्या जूनमध्ये तिला कडेची जागा मिळणार होती. म्हणजे बापाला आणि आईला बढतीच्या संधी मिळाव्यात म्हणून ज्या घटकेला घर हलायचं, नेमकी त्याच घटकेला तिची बढती हुकत होती. चिरंजीवांनी समजूत घातली, 'अगं, तिकडे मोठी पिवळी बस असते, तिला खूप खिडक्या.' त्यावर ती म्हणाली, 'मग मी इतके दिवस नंबर कशाला लावला?'

आता या प्रश्नाचं उत्तर मला तरी कुठं येतंय?

इथं माझ्या वडिलांची गोष्ट सांगायला हवी. १९४८ साली ते राजापूरकडच्या एका खेड्यातून आईला आणि थोरल्या भावाला घेऊन बोटीनं मुंबईला आले. आमच्या गावाच्या हिशेबानं मुंबई हाच परदेश. परळच्या चाळीत एक खोली, गिरणीत टाइमकीपरची नोकरी. दर महिन्याला गावी मनीऑर्डर. रत्नागिरी जिल्हाच तेव्हा मनीऑर्डरवर चालायचा. वडील बोलत कमी. पण एक वाक्य त्यांचं ठरलेलं असे, 'तुमच्यासाठी गाव सोडला.' ते कधी रागानं म्हणत नसत, हाच वांधा होता. गावाहून आंब्याची पेटी आली की एक आंबा हातात घेऊन, वास घेऊन म्हणत. पावसाची पहिली सर आली की खिडकीशी उभं राहून म्हणत. प्रिलिमला मला बीजगणितात शंभरात सव्वीस मिळाले तेव्हा तर नुसतं माझ्याकडे पाहिलं, बोललेच नाहीत, तरी मला ऐकू आलं. एका माणसानं नारळीची झाडं, पोफळी, आई, समुद्र सगळं टाकलं आणि त्याच्या बदल्यात त्याला काय मिळालं? सव्वीस मार्क. पुढं नोकरी लागली, बढती मिळाली, डोंबिवलीत जागा घेतली, तरी दर वेळी वाटायचं की हा एक हप्ता गेला. मुद्दल तसंच आहे.

वडील १९९६ साली गेले. दिवसांना गावाहून आत्या आली होती. मी तिच्यापाशी म्हटलं, 'आमच्यासाठी फार सोसलं गं त्यांनी.' आत्या तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, 'बाळ्या, तुमच्यासाठी कसलं? तू तर तेव्हा जन्मालाही नव्हतास. तुझ्या बापाला गावात करमतच नव्हतं. नांगर धरला की याची पाठ दुखायची आणि नाटक आलं की चार दिवस जेवणाची शुद्ध नसायची. मुंबईला जायचं होतं त्याला. गेला.'

खरंच की. दर शनिवारी रात्री वडील दामोदर हॉलला असत. चाकरमान्यांची नाटकं तिथं रंगायची आणि वडील मधल्या सुट्टीत रंगपटात जाऊन कुणाच्या मिशा चिकटवून येत. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते वेगळ्या खात्यात मांडलेलं होतं.

मला वडिलांचा राग यायला हवा होता, नाही? उलट इतकी वर्षं डोक्यावर असलेलं गाठोडं कुणी हात देऊन खाली उतरवल्यासारखं झालं. आपला बाप आपल्यापायी झिजला, ही कल्पना फार जड असते हो. ते देणं फिटत नाही, कारण देणेकऱ्यानं घेतलेलंच नसतं. त्याऐवजी बाप हौसेनं आला, हौसेनं राहिला, मिशा चिकटवल्या, आणि जाता जाता आम्हालाही बरी शाळा मिळाली, हे किती सुटसुटीत! त्या दिवशी मी वडिलांसाठी पहिल्यांदा मोकळेपणानं रडलो.

आता कुणी म्हणेल, मग काय मुलांची सही घेऊन जायचं? ते कसं शक्य आहे? सात वर्षांच्या मुलीला विचारून देश ठरवायचा तर आम्ही सगळे आज चौपाटीवर राहत असतो. आणि न जाणं ही तरी कुणाच्या सहीची नोंद असते? चिरंजीवांना डोंबिवलीत आम्ही ठेवलं, त्यांना विचारून नव्हे. वीस वर्षं तो लोकलच्या दारात लटकतोय, त्या खात्यावरही त्याची सही नाही. आमच्या खालच्या मजल्यावरचे गृहस्थ अमेरिकेची चालून आलेली नोकरी सोडून आईसाठी राहिले. ते आईला रोज चहाबरोबर हे सांगतात. म्हातारी परवा जिन्यात मला म्हणाली, 'भाऊ, याला तिकडे कुठं चिकटवता येतंय का बघा ना!'

म्हणून मी चिरंजीवांना एकदा बसवून विचारलं, 'तुला जायचंय का?'

'बाबा, तिथली शाळा...'

'ते तिचं झालं. तू?'

'हवा, रस्ते, शिवाय पुढं मागं...'

'तू?'

तो जरा वेळ गप्प बसला. मग स्वयंपाकघराकडे नजर टाकून, आई ऐकत नाही ना हे बघून, हळूच म्हणाला, 'मला इथं कंटाळा आलाय, बाबा. दुसरीकडे आपण कसे असतो ते बघायचंय.' अडतीस-एकोणचाळीस वर्षांचा बाप्या, पण चोरून सिगारेट ओढताना सापडल्यासारखा चेहरा झाला होता त्याचा. सूनबाईला विचारलं तर तिनं पापणीही लववली नाही. 'मला जायचंच आहे. तिथं पुन्हा परीक्षा द्यावी लागेल, त्याशिवाय पेशंटला हात लावू देत नाहीत. पण मला करून बघायचंय.' मुख्य अर्जदार उगाच नाही झाली!

राहिलो आम्ही दोघं. आमच्यासाठीही तिकडे सोयी आहेत, नाही असं नाही. आई-वडिलांना कायमचं नेण्यासाठी आपल्या म्हाडासारखी सोडत असते. २०२० साली ज्यांनी नावं नोंदवली त्यांच्याच चिठ्ठ्या २०२५ पर्यंत काढत होते. त्याखेरीज एक सुपर व्हिसा आहे, त्यावर एका वेळी पाच वर्षं राहता येतं, फक्त लाखभर कॅनेडियन डॉलरचा तरी वैद्यकीय विमा हवा. सौ. म्हणाली, 'पाच वर्षं? माझा भिशीचा नंबर डिसेंबरात आहे.'

मी मुलाला एवढंच सांगितलं, 'आमच्यासाठी राहू नकोस. या वयात नवं कर्ज कुठलीच बँक देत नाही.' माझ्या मते वाक्य झकास जमलं होतं. तो हसलाही. मग मी गॅलरीत जाऊन दोरीवरचे कपडे काढायला लागलो. चार-पाच काढून झाल्यावर लक्षात आलं, ते अजून ओलेच होते. पुन्हा घातले.

नातीला तिच्या आईनं गेल्या रविवारी जवळ घेऊन सरळ सांगून टाकलं, 'मला आणि बाबाला तिकडे जाऊन काम करायचंय, म्हणून आपण चाललोय. तुझी कडेची जागा जाणार, ते वाईट झालं.' मी धसका घेऊन बसलो होतो. पोरगी थोडा वेळ रुसली, मग आपल्या अटी सांगायला लागली. विमानात खिडकी तिची, दोन्ही विमानांत. आणि रिक्षातली जागा वाया घालवायची नाही, ती पहिल्या मजल्यावरच्या मैत्रिणीला द्यायची. तसं तिनं वहीच्या पानावर लिहूनही काढलं आहे. खाली दोघींच्या सह्या आहेत आणि साक्षीदार म्हणून रिक्षावाल्या काकांचा अंगठा, काकांना सही येत असूनही. मला कागद दाखवायला आणला तेव्हा मी तिला एवढंच म्हटलं, की यावर तारीख घालायची राहिली आहे. तिनं घातली. पुढच्या जूनची.