चंपीचा झाला शाम्पू

तिसगावात किराणा दुकानाच्या दाराशी शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकत असतात. बाजार उरकून वाडीवर परतणारी बाई चहा-साखरेसोबत त्यातल्या दोन तोडून घेते. शाम्पू म्हणजे काय, हे पाथर्डी तालुक्यात कुणाला सांगावं लागत नाही. हा शब्द मात्र आपल्याच देशातून विलायतेला गेला, आणि गेला तेव्हा त्यात ना फेस होता ना केस.

हिंदीत ‘चाँपना’ म्हणजे दाबणं, रगडणं. त्याचं आज्ञार्थी रूप ‘चाँपो’. आपली चंपी त्याच घरातली. कंपनी सरकारच्या काळात गोऱ्यांनी शब्द उचलला तो अंग रगडून घेण्याच्या अर्थानं. इंग्रजी लेखनात तो १७६२ पासून सापडतो.

तिकडे त्याला प्रतिष्ठा दिली शेख दीन महंमद यांनी. १७५९ साली पाटण्यात जन्म, बंगालच्या फौजेत नोकरी, १७८४ मध्ये आयर्लंड. १८१० साली त्यांनी लंडनमध्ये हिंदुस्तानी खाणावळ काढली, ती बुडाली. मग ब्रायटनच्या समुद्रकाठी वाफेचं स्नानगृह थाटलं. औषधी वाफेनं गिऱ्हाईक घामाघूम झालं, की त्याच्याभोवती फ्लॅनेलचा तंबू. मालिश करणारा बाहेर उभा. तंबूला शिवलेल्या बाह्यांतून त्याचे फक्त हात आत येत. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन्ही राजांनी त्यांना नेमलं, हुद्दा ‘शाम्पूइंग सर्जन’. चंपीवाला चक्क शल्यविशारद!

त्याच काळात आपल्याकडे हेच काम बलुत्यात जमा होतं. धोकटी घेऊन न्हावी दारात येई, हजामत करी, पाटलाचं अंग रगडी, आणि सुगीत खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा मागे. ‘आज हात दुखतोय’ म्हणण्याची सोय त्याला नव्हती. जुन्या चंपीच्या आठवणींनी गहिवरणारे लेख मी बरेच वाचलेत. ते सगळे रगडून घेणाऱ्यांनी लिहिलेले असतात. स्पर्श तोच, ब्रायटनला तो विद्या ठरला, इथे जातीचं कर्तव्य.

पुढे विलायतेत अर्थ सरकला. अंगावरून हात डोक्यावर आला आणि १८६० च्या आसपास शाम्पू म्हणजे केस धुणं झालं. मग धुण्याच्या वस्तूलाच ते नाव पडलं. १९०३ मध्ये बर्लिनच्या हान्स श्वार्त्सकॉफनं त्याची पूड विकायला काढली. म्हणजे क्रियापदाचं नाम झालं आणि त्यातून दुसऱ्याचा हात गळाला. शिकेकाई-रिठ्याच्या घरात शाम्पू बराच काळ शहरी बाटलीतली चैन होता. १९८३ मध्ये तमिळनाडूतल्या कडलूरहून चिक शाम्पूची पुडी निघाली. अशा पुड्यांनी तो मोलमजुरी करणाऱ्यांच्या न्हाणीत पोचवला. शिकेकाई उकळत बसायला सरपण लागतं, वेळ लागतो आणि पाणीही. पाथर्डीच्या दुष्काळी मुलखात तिन्हींचा हिशेब असतो. त्यामुळे ‘रसायनांनी परंपरा बुडवली’ हा सूर मला फारसा पटत नाही.

चंपी बुडाली नाहीच. सलूनच्या दरपत्रकात ती ‘हेड मसाज’ नावानं असते, शाम्पू त्याच्याखाली वेगळ्या ओळीत. मूळचं एकच काम, आता दोन इंग्रजी नावं आणि दोन दर. घासाघीस करणाऱ्याला कारागीर सरळ पाटीकडे बोट दाखवतो.