पारखलेला धोंडा



चेन्नईतील अंबत्तूर येथे एका स्नेह्यांनी घरातील माशांच्या काचपेटीत शोभेसाठी नैसर्गिक दगड ठेवावयाचे योजिले. एक होता शुभ्र संगमरवर. दुसरा काळपट चार्नोकाइट, ज्याची तेथील संत थॉमस टेकडी बनली आहे. घरच्यांना पांढराच आवडला. स्नेह्यांनी दोहोंवर व्हिनेगरचे थेंब टाकले. काळा शांत राहिला. पांढऱ्यावर बुडबुडे फसफसले. चुन्याचा दगड पाण्यात हळूहळू विरघळतो, पाणी जड करितो, आणि मृदू पाण्यातील माशांना ते सोसत नाही. पाणी मात्र निर्मळच दिसते.

सर्व गोष्टी पारखाव्यात असे पौल थेस्सलनीकाकरांस सांगतो (१ थेस्स. ५:२१). तेथील ग्रीक क्रियापद 'दोकिमाझो' हे नाणी व धातू कसोटीस लावण्यासाठीही योजीत. पेत्र ख्रिस्ताला माणसांनी नाकारलेला जिवंत धोंडा म्हणतो (१ पेत्र २:४). तेथील 'नाकारलेला' हा शब्द त्याच क्रियापदापासून झाला आहे. म्हणजे पारख करूनच नाकारलेला! भाषांतर करिताना या शब्दापाशी मी नेहमी थबकतो. बांधणाऱ्यांनी पारख केली होती. कसोटीच चुकली होती.

मुलीसाठी आलेले स्थळ, घरात येणारा पैसा, मुलांची सोबत आणि करमणूक आपण कोणत्या कसोटीस लावितो? देखणेपण पाहू नका. ज्या पाण्यात आपली लेकरे वाढतात, त्यात ते काय सोडते हे पाहा. आणि साधा म्हणून बाजूस सारलेला धोंडा पुन्हा एकदा हाती घ्या.

प्रभू आपणांस खरी पारख देवो. आमेन.