डायोड कापलास, पण मोजलंस काय?

खाली बस, आणि माझं बोलून होईपर्यंत मध्ये तोंड घालू नकोस. तुझा वायरलेस सेट मी झाकण काढून, भिंग लावून, मीटर लावून नीट पाहिला आहे. आयकॉम ७३५. १९८० च्या दशकातलं मॉडेल, तुझ्या वडिलांच्या शाळेच्या दिवसांतलं. आजवर तो किती हातांतून गेला असेल कुणास ठाऊक, पण आत कुणी धसमुसळेपणा केलेला नव्हता. तो तू केलास, आणि तोही घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात.

काल तू मला सांगितलंस, ‘सर, सेटची पॉवर कमी होती म्हणून उघडला.’ पॉवर कमी आहे हे तुला दिसलं, ती का कमी आहे हे शोधायला किती वेळ दिलास? अजिबात नाही. मीटरवर ४० वॉट दिसले, सेट १०० चा आहे हे ठाऊक होतं, आणि हातात स्क्रू-ड्रायव्हर आला. एवढंच घडलं.

ते ४० वॉट कुठून आले ते आता ऐक. डायपोल अँटेनाची मीटरमधली लांबी काढायला १४३ ला मेगाहर्ट्झने भागायचं. ७.१ साठी उत्तर येतं वीस मीटर चौदा सेंटिमीटर, म्हणजे एका बाजूला दहा मीटर सात सेंटिमीटर. परीक्षेला हे गणित तुला तोंडपाठ होतं. तार कापताना मात्र टेप न घेता पावलांनी मोजलीस. मी टेप लावली. दोन्हीकडे दहा मीटर चाळीस भरली. बाजूला फूटभर तार जास्त. तेवढ्यावर अँटेना ६.९ च्या खाली जाऊन बसली आणि ७.१ वर एसडब्ल्यूआर तीन झाला. एसडब्ल्यूआर तीन म्हणजे पाठवलेल्यातली पाव शक्ती परत सेटकडे येते. असं झालं की सेट आपण होऊन पॉवर उतरवतो, फायनलचे ट्रान्झिस्टर जळू नयेत म्हणून. बनवणाऱ्याने तो पहारा विचार करून ठेवलेला असतो. तुला दिसलेले ४० वॉट हा बिघाड नव्हताच. सेट स्वतःला वाचवत होता.

त्यात भर म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी. रात्री लाइट नसते हे मला सांगू नकोस, मीही याच मंगळवेढ्यात राहतो. बॅटरीवर सेट चालवायला माझी ना नाही. पण या सेटला १३.८ व्होल्ट लागतात आणि पूर्ण जोरात बोलताना २० अँपिअर. भरलेली बॅटरी मुळात १२.६ देते. तिथून सेटपर्यंत तू घरातल्या दिव्याची एक चौरस मिलिमीटरची वायर ओढलीस, जाऊन-येऊन चार मीटर. २० अँपिअरला त्या वायरीतच १.४ व्होल्ट गळतात. सेटच्या तोंडाशी जेमतेम ११ पोचतात, आणि तेवढ्यावर तू त्याच्याकडून १०० वॉट मागत होतास. शिवाय बॅटरीजवळ फ्यूज नाही. ट्रॅक्टरची बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर ओतते, ती वायर काही सेकंदांत लाल होते, आणि तुझी वायर गेली होती कडब्याच्या गंजीला लागून. फ्यूज बॅटरीच्या टोकाशी असतो, दोन्ही वायरींना. हे मी वर्गात सांगितलं होतं. तू लिहूनही घेतलं होतंस.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! दुखणं तारेत आणि बॅटरीच्या वायरीत, आणि तू शस्त्र चालवलंस सेटच्या पोटावर. आतला पॉवरचा प्रीसेट पुरता फिरवलास. पहारेकऱ्यालाच बाहेर काढलंस. मीटरचा काटा वर गेला आणि तुला वाटलं जिंकलो. त्या प्रीसेटची मूळ जागा कुठे होती, पेनने खूण केली होतीस? नाही. वहीत लिहिलंस? नाही. आता ती जागा परत गाठायला मला अँटेनाऐवजी लावायचा डमी लोड, वॉटमीटर आणि अख्खी दुपार लागणार आहे.

आणि हे सगळं कशापायी? तुझा परवाना रिस्ट्रिक्टेड. कॉलसाइन व्हीयू३ ने सुरू होतं. ५० वॉट ही तुझी हद्द. जनरलवाल्याला ४०० मिळतात, तुला नाहीत. ४० वॉट तर तुझ्या हातात होतेच! त्या ४० वॉटवर, सकाळच्या वेळी, मोटारींचे स्टार्टर आणि एलईडी दिव्यांची खरखर सुरू व्हायच्या आधी, नीट मापाच्या तारेवर तू सोलापूर सोडून पार केरळपर्यंत बोलला असतास.

त्याऐवजी काय केलंस, ते मी माझ्या रिसीव्हरवर स्वतः ऐकलं. एसएसबीचा स्वच्छ आवाज पावणेतीन किलोहर्ट्झच्या आत बसतो. तुझा आवाज दोन्ही बाजूंनी पसरून दहा किलोहर्ट्झ खात होता. शेजारच्या फ्रीक्वेन्सीवर दोन वयस्कर माणसं बोलत होती, त्यांच्या बोलण्यावर तुझे शब्द फाटून पडत होते. एकाने तुला थांबवून सांगितलंही, की ऑडिओ तपासा, स्प्लॅटर येतोय. तू ‘ओके ओके’ म्हणालास आणि पुन्हा बटण दाबलंस. उचलली जीभ लावली टाळ्याला. या छंदात आधी तास-दोन तास नुसतं ऐकायचं असतं, आणि कुणी सिग्नलबद्दल सांगितलं की तिथल्या तिथे गप्प बसून कारण शोधायचं असतं. जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांच्या नकाशात आपला चौकोन एमके७७ आहे. या चौकोनातून बोलणारं माणूस त्यांना सहसा ऐकू येत नाही. ज्यांनी तुला ऐकलं त्यांच्या वहीत मंगळवेढ्याच्या नावापुढे आता तो फाटका आवाज नोंदला गेला आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी तुला आजच्या आज बोलावून घेतलं, ती. तारेचं एक टोक तू निंबाला बांधलंस आणि दुसरं विजेच्या खांबाला. अरे, अक्कल गहाण टाकली होतीस काय? पावसाळ्याच्या तोंडाला वळवाचा वारा कसा सुटतो हे तुला माहीत नाही? तार तुटून किंवा हेलकावा खाऊन वरच्या वाहिनीला लागली, तर कोअ‍ॅक्समधून ती वीज तुझ्या टेबलावर, तुझ्या कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये येईल. सेटचं काय व्हायचं ते होवो. तुझी आई शेजारच्या खोलीत झोपते. अँटेना विजेच्या तारेखालून, वरून, जवळून कुठूनही न्यायची नाही, आणि खांबाला तर हातसुद्धा लावायचा नाही. यावर चर्चा नाही, सबब नाही.

माइकचं बघ. सेटबरोबर माइक आला नाही म्हणून तू कुणाकडून तरी केनवूडचा माइक आणलास. आठ पिनांचा गोल प्लग, दोन्हींचा अगदी सारखा, आत सहज बसला. बसला म्हणजे जुळला असं तुला कुणी सांगितलं? केनवूडच्या माइकमध्ये दुसरी पिन बोलायच्या बटणाची. आयकॉममध्ये बटण पाचव्या पिनवर, आणि दुसऱ्या पिनवर माइकसाठी दिलेले आठ व्होल्ट. तू बटण दाबलंस की ते आठ व्होल्ट नको तिथे गेले. इकडे ये, हे भिंग घे. सॉकेटमागचा हा बारीक रेझिस्टर बघ, मधोमध तपकिरी पडलाय, त्याचे रंगाचे पट्टे वाचता येत नाहीत. त्याने मार खाल्ला म्हणून पुढचं वाचलं. सेट चालू होईना म्हटल्यावर तू माइकच्या वायरी तोडून पुन्हा जोडल्यास, तेव्हा कुठे तो बोलू लागला. मॅन्युअलमध्ये या सॉकेटचं चित्र आहे. ते उघडलं असतंस तर हा रेझिस्टर आज शाबूत असता.

आणि शेवटी डायोड. हा सेट ऐकताना ३० मेगाहर्ट्झपर्यंत सगळं ऐकतो, पण बोलतो फक्त हौशी पट्ट्यांत. ते कुंपण एका डायोडने घातलेलं असतं. तू व्हिडिओ पाहिलास आणि कटरने डायोड उडवलास. तोही कसा, दोन्ही पाय बोर्डाशी मुळातून कापलेस. परत सोल्डर करायला टोकसुद्धा ठेवलं नाहीस. कुठलाही बदल करणारा शहाणा माणूस एक पाय डिसोल्डर करतो, वर उचलतो, तसाच ठेवतो, आणि झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवतो: काय केलं, कधी केलं, परत कसं करायचं. सेट पुढे ज्याच्या हातात जाईल त्याला ते कळायला हवं.

पण हा डायोड कापायचाच नव्हता. ७.२ च्या वर आपल्या भागात प्रक्षेपण केंद्रांचा पट्टा लागतो. त्यापलीकडे जहाजं आहेत, सैन्य आहे, अरबी समुद्रावरून जाणारी विमानं मुंबईशी एचएफवर बोलतात ते पट्टे आहेत. तिथे तुझ्या बोटाचा एक चुकीचा दाब पुरतो. ‘मी तिथे बोलणार नव्हतोच,’ म्हणतोस. मग कापलास कशाला?

आणखी एक सांगतो, आणि हे तुझ्या डोक्यात कायमचं बसू दे. पोलिसांचा वायरलेस पोलिसाला उघडता येत नाही. विमानाचा सेट वैमानिकाला उघडता येत नाही. ठरल्या मंजुरीचा सेट, ठरल्या फ्रीक्वेन्सी, हात लावायचा नाही. एक हौशी रेडिओवालाच असा, की ज्याला सरकार म्हणतं, तू स्वतः ट्रान्समीटर बनव, उघड, बदल. १२ वर्षांच्या पोरालासुद्धा परीक्षा पास झाल्यावर हा हक्क मिळतो. दूरसंचार खात्याने तुझ्यावर एवढा विश्वास टाकला, आणि त्या हक्काचा पहिला वापर तू केलास तो जे एक करायचं नाही तेच करायला.

हा हक्क काढूनही घेता येतो. १९३९ साली युद्ध सुरू होताच देशातले सगळे हौशी परवाने रद्द झाले होते. मघाशी तू मला वर तोंड करून चले जाव चळवळीतल्या गुप्त काँग्रेस रेडिओचं उदाहरण दिलंस. देताना थोडा अभ्यास केला असतास तर बरं झालं असतं. १९४२ च्या ऑगस्टपासून उषा मेहता आणि त्यांचे सोबती मुंबईतून बोलत होते ते ४२.३४ मीटरवर, म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झवर, आजच्या आपल्याच पट्ट्यात. ते जागा बदलत फिरले, नोव्हेंबरमध्ये पकडले गेले, आणि उषाबाईंना चार वर्षांची शिक्षा झाली. काय करतो आहोत आणि त्याचं काय होईल हे त्यांना पहिल्या दिवसापासून पक्कं ठाऊक होतं. तुला तुझ्या माइकची दुसरी पिन कसली हे ठाऊक नव्हतं. त्यांचं नाव तुझ्या तोंडून पुन्हा या कामासाठी ऐकायचं नाही.

मला राग सेट बिघडल्याचा नाही, तो मी दुरुस्त करीन. १९९३ च्या सप्टेंबरात किल्लारीला भूकंप झाला तेव्हा टेलिफोन आडवे झाले होते आणि हौशी रेडिओवाले आपापले सेट घेऊन मदतीला उभे राहिले. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद खास परवानगी काढून अंदमानात छंदासाठी गेल्या होत्या, आणि त्सुनामीनंतर पोर्ट ब्लेअरहून जगाशी बोलत राहिल्या. अशा वेळी सेट तपासलेला लागतो, तार मोजलेली लागते, बॅटरीला फ्यूज लागतो. उद्या भीमेला पूर आला आणि तहसीलदारांनी तुला विचारलं, सेट चालू आहे का रे, तर तू काय सांगणार होतास?

जुना सेट घेतला त्याचे कागदही तुझ्याकडे नाहीत. विकणाऱ्याचं कॉलसाइन, सेटचा नंबर, तारीख, सही, काहीच नाही. बिनपरवान्याच्या माणसाने वायरलेस सेट जवळ बाळगणं १९३३ च्या कायद्यानेच गुन्हा ठरवलं होतं. कुणाचा सेट, कुठून आला, हे तुला सांगता आलं पाहिजे. विकणाऱ्याकडून लेखी घेऊन ये.

बदल करायची तुझी खाज मला कळते. ती चांगली आहे, ती नसती तर मी तुला शिकवलंच नसतं. मग हैदराबादच्या अशहर फरहान यांचा बिटएक्स बांध. २००३ साली त्यांनी तो आखला तोच आपल्या बाजारात मिळणाऱ्या पार्टवर, कॉइल गुंडाळायला नळाचं वायसरसुद्धा चालेल अशा बेताने. सहा-सात वॉटचा. त्यात काय वाट्टेल ते बदल, प्रत्येक बदलाच्या आधी आणि नंतर मोज, लिहून ठेव. या आयकॉममध्येही करण्यासारखं पुष्कळ आहे. मेमरीची बॅटरी बदलायची आहे, सुकलेले कपॅसिटर बदलायचे आहेत, मोर्ससाठी अरुंद फिल्टर बसवायचा आहे. मोर्स शीक, जनरलची परीक्षा दे.

तोवर सेट माझ्याकडे राहील. डायोड मी बसवतो, पण सोल्डर तू करशील, माझ्यासमोर. येताना मॅन्युअल वाचून ये, ५० ओहमचा डमी लोड घेऊन ये. तो डमी लोडवर अर्धा तास स्वच्छ चालल्याशिवाय अँटेनाची केबल लागणार नाही. लॉगबुक आण, आणि ज्या दिवशी तू त्या दोघांच्या बोलण्यावर पसरलास त्या दिवसाची नोंद मला दाखव. नसेल तर आज लिही. त्यांची कॉलसाइन मी टिपून ठेवली आहेत. पुढच्या वेळी एअरवर आलास की सगळ्यात आधी त्यांना हाक मारून माफी मागायची.

आता ऊठ. घरी जा, बॅटरी सोड, आणि खांबावरची तार दिवस मावळायच्या आत खाली आली पाहिजे. पण तू खांबावर चढू नकोस. लाइनमनला फोन कर, तो लाइन बंद करील, तोच काढील. काढली की मला फोन कर, मी जागा आहे.