वाळू, बाटिक आणि पडदा

शनिवार-रविवार गाठून चेन्नईला आलेला मराठी पाहुणा संध्याकाळी मरीनावर पोहोचतोच. पाण्यापर्यंत जायला वाळूतून चांगलीच पायपीट करावी लागते, आणि वाटेत ‘तेंगा, मांगा, पट्टाणी सुंडल’ अशी हाळी कानावर पडत राहते. कागदाच्या पुडीत उकडलेले वाटाणे, त्यावर खोबरं आणि कैरीच्या फोडी. केवढी ही वाळू! निसर्गानं या शहराला भरभरून दिलंय, असंच कुणालाही वाटेल.

पण ही रुंदी माणसानं घडवलेली आहे. 1875 नंतर मद्रास बंदराच्या भिंती समुद्रात शिरल्या. या किनाऱ्यावर वाळूचा ओघ एकंदरीनं दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो. भिंतींनी तो अडवला आणि बंदराच्या दक्षिणेला वाळू साचत गेली. 1884 मध्ये गव्हर्नर ग्रँट डफ यांनी तिथं फिरायचा रस्ता करवून घेतला आणि त्याला मरीना हे नाव दिलं. उत्तरेला रोयापुरमच्या बाजूला मात्र नवी वाळू येईना. समुद्र जमीन खात आत सरकला. आज तिथं लाटांच्या तोंडाशी मोठमोठे दगड रचलेले दिसतात. मरीनाच्या ऐसपैस वाळूची किंमत उत्तरेकडच्या कोळीवस्त्यांनी मोजली आहे, आणि सुट्टीच्या संध्याकाळी तिथवर कुणी फिरकत नाही याची खंत वाटायला हवी.

मरीनाच्याच उत्तर टोकाला देवीप्रसाद रायचौधुरी यांचं श्रमिकांचं शिल्प 1959 पासून उभं आहे. चार माणसं एक अजस्र शिळा हलवताहेत. पाठी वाकलेल्या, पोटऱ्या ताठरलेल्या, अंगावर जेमतेम वस्त्र. 1923 साली कामगार नेते सिंगारवेलर यांनी देशातला पहिला मे दिन मद्रासच्या किनाऱ्यावर साजरा केला होता, त्यामुळे या शिल्पाला दुसरीकडे कुठे इतकी हक्काची जागा मिळाली नसती.

रविवारची सकाळ चोळमंडळसाठी राखून ठेवावी. पूर्व किनारा रस्त्यावर इंजंबाक्कमला, समुद्राच्या अगदी जवळ, चित्रकार-शिल्पकारांचं हे गाव 1966 मध्ये वसलं. के. सी. एस. पणिक्कर तेव्हा मद्रासच्या कलाशाळेचे प्राचार्य होते. शिकून बाहेर पडलेली मुलं पोटासाठी नोकरी धरतात आणि त्यांचा कुंचला सुटतो, हे ते वर्षानुवर्षं पाहत होते. चित्रं विकली जात नव्हती. मग त्यांनी विद्यार्थ्यांसह हस्तकलेचा मार्ग धरला. बाटिकची कापडं रंगवायची, विकायची आणि उरलेल्या वेळात मनातलं चित्र काढायचं. त्याच मिळकतीतून जमीन घेतली गेली. सरकारी अनुदानाची किंवा कुणा धनिकाच्या मर्जीची वाट न बघता कलावंतांनी मेणात आणि रंगात हात बुडवून स्वतःचं गाव उभं केलं. आपल्याकडे एवढी कलामहाविद्यालयं असताना असं एखादं गाव कोकणच्या किनाऱ्यावर का उभं राहिलं नाही, हा प्रश्न तिथं हिंडताना मनातून जात नाही.

आता राहिला पडदा. मराठी माणूस इथं रजनीकांतचं नाव आपुलकीनं घेतो. बंगळुरूच्या मराठी घरातला शिवाजीराव गायकवाड, बसचा कंडक्टर, मद्रासला अभिनय शिकला आणि 1975 मध्ये ‘अपूर्व रागंगळ’मधून पडद्यावर आला. पण त्याचं रूप शहरभर पसरवलं ते हातानं कटआउट रंगवणाऱ्यांनी. परांच्या बांधून, अंगावर रंगाचे शिंतोडे घेत ही माणसं माउंट रोडवर तीन-चार मजली चेहरे उभे करत. संगणकावर छापलेलं फ्लेक्स आलं आणि त्यांचं काम गेलं. आपल्या पंढरपुरात जन्मलेले चित्रकार हुसेनही मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवतच पुढे आले. त्यांची चित्रं कलादालनात लागली; मद्रासच्या त्या रंगाऱ्यांची बहुतेक नावंही कुणी लिहून ठेवली नाहीत.

माउंट रोडला आता अण्णा सालै म्हणतात. तिथल्या टपाल कार्यालयाच्या आवारात एक जुनी इमारत आहे, जिथं संग्राहकांसाठी तिकिटं विकली जातात. ते पूर्वीचं इलेक्ट्रिक थिएटर, 1913 सालचं. त्याच वर्षी मुंबईत फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. त्या चित्रपटाच्या कच्च्या फिल्मला फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई स्वतः भोकं पाडत, रसायनं कालवत आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करत.