भाषण ऐकून डोळे पाणावतात तेव्हा

पुढाऱ्याने भाषणात लोकांच्या भावनेला हात घालावा की नाही? हा प्रश्न आपल्याला नवा नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आचार्य अत्र्यांनी शिवाजी पार्क गाजवले, ते आपल्या वडीलधाऱ्यांनी ऐकले. इकडे इस्राएलात निवडणूक आली की आपण तेच हिब्रूतून ऐकतो. कोरड्या आकड्यांनी माणूस जागचा हलत नाही. म्हणून भावनेला सरसकट दोष देणे आम्हांला पटत नाही. मात्र ती कशासाठी जागवली, हे पाहिलेच पाहिजे. याचा एक चांगला दाखला जपानच्या इतिहासात सापडतो.

1937 च्या जुलैत जपान व चीन यांच्यात युद्ध पेटले व ते लांबतच गेले. जपानचे राज्यकर्ते त्याला 'पवित्र युद्ध' म्हणत. ज्या घरांतील मुले रणांगणावर पडली, त्यांना असल्या शब्दांनी धीरही आला असेल. परंतु युद्धच पवित्र ठरले, की त्याविषयी शंका काढणे हे पाप ठरते.

अशा वेळी, 2 फेब्रुवारी 1940 रोजी, साइतो ताकाओ नावाचे सत्तरीच्या उंबरठ्यावरचे सभासद पार्लमेंटात बोलायला उभे राहिले व सुमारे दीड तास बोलले. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की पवित्र युद्धाच्या नावाआड लपून, न्याय व विश्वशांती असे हवेतले शब्द बोलून, जनतेच्या त्यागाकडे डोळेझाक करू नका. हे युद्ध कसे संपवणार ते सांगा.

वाचकहो, एक गोष्ट लक्षात घ्या. त्यागाची आठवण साइतोंनीही करून दिली. भावनेला आवाहन दोन्हीकडे होते. पण एकाने त्या भावनेने लोकांची तोंडे बंद केली, तर दुसऱ्याने तिच्याच बळावर जाब विचारला. आमच्या मते सगळा फरक येथे आहे.

साइतोंच्या भाषणाचा सुमारे दोन तृतीयांश भाग कामकाजातून काढून टाकण्यात आला. 7 मार्च रोजी 296 विरुद्ध 7 मतांनी त्यांना सभागृहातून काढले. तरीही 1942 च्या निवडणुकीत, सरकारची शिफारस नसताना, ह्योगो प्रांतातील त्यांच्या मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. 15 ऑगस्ट 1945 रोजी सम्राटांचा आवाज रेडिओवरून प्रथमच घरोघरी पोचला. त्या भाषणात दुःख होते, सोसण्याचा उपदेश होता; 'शरणागती' हा शब्द मात्र नव्हता. भाषा इतकी दरबारी होती, की पुष्कळांना अर्थच उमगला नाही.

तेव्हा कोणाचेही भाषण ऐकताना आपले मन हेलावले, तर त्यात कमीपणा नाही. फक्त घरी आल्यावर मुलाबाळांसह एवढे विचारावे: याची किंमत कोण देणार, आणि हे विचारण्याची मुभा वक्त्याने आपल्याला ठेवली आहे काय? ठेवली नसेल, तर ते भाषण कितीही गोड असो, त्यापासून सावध राहणे बरे.