नादाची अनित्यता आणि वाद्यांचा टिकाऊपणा

शब्द नित्य की अनित्य, हा आपल्या दर्शनकारांमधला फार जुना वाद. वेदांचे अपौरुषेयत्व सिद्ध करण्यासाठी मीमांसकांनी वर्णात्मक शब्द नित्य मानला आणि उच्चार त्याला केवळ व्यक्त करतो, निर्माण करीत नाही, असे प्रतिपादन केले. उलट नैयायिकांनी, पाण्यात एका लाटेतून दुसरी लाट उठावी तसा एका ध्वनीतून दुसरा ध्वनी उपजतो आणि उपजविणारा लय पावतो, हा वीचितरंगन्याय पुढे करून, ज्याला उत्पत्ती आहे त्याला विनाशही आहे, असे ठामपणे मांडले. या वादाच्या गदारोळात एक गोष्ट मात्र दृष्टीआड होते. भेरीच्या किंवा वीणेच्या ध्वनीविषयी उभय पक्षांत तंटा नव्हता. वाद्याचा ध्वनी क्षणिक आहे, ही गोष्ट मीमांसकालाही कबूल होती.

या कबुलीचे महत्त्व ग्रंथांपेक्षा रस्त्यावर अधिक कळते, असे मला वाटते. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत वाजविणाऱ्या मुंबईकडच्या एखाद्या बेंजो पथकाने कोणता कीबोर्ड घ्यावा, कोणता ऑक्टोपॅड घ्यावा, कोणत्या मिक्सरवर पैसे घालावे, हा प्रश्न वरकरणी बाजाराचा आहे. परंतु ज्या परिस्थितीत त्या उपकरणांना काम करावयाचे असते ती ध्यानात घेतली, तर तो प्रश्न वस्तूचे नश्वरत्व आणि माणसाचे कर्तव्य यांच्या सीमेवर येऊन उभा राहतो. टेम्पोच्या हौद्यात किंवा हातगाडीवर वाद्ये बांधलेली असतात. शेजारी जनित्र धडधडत असते आणि गर्दी वाढून आवाज चढविला की त्याचा विद्युद्दाब खाली येतो. भाद्रपदातली सर सूचना देऊन येत नाही. गुलाल इतका सूक्ष्म असतो की मिक्सरच्या सरकत्या कळांच्या फटींतून तो सहज आत उतरतो. आणि रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याबरोबर यंत्रातला प्रत्येक सांधा एकदा हादरतो. रोलँड या जपानी कंपनीने 1985 साली पहिला ऑक्टोपॅड बाजारात आणला, तेव्हा तो स्टुडिओत आणि रंगमंचावर वाजविला जाईल ही अपेक्षा असणार. आपल्या पॅडवाल्यांनी त्याला पावसात प्लास्टिकची पिशवी पांघरून, कमरेशी बांधलेल्या कापडाने रबरी चकत्या पुसत पुसत, तासन्‌तास वाजविले आहे.

आता या मिरवणुकीत आणखी काय काय आहे ते पाहू. पुढे पार्थिव मूर्ती आहे. ती मुळातच विसर्जनासाठी घडविलेली असते, प्राणप्रतिष्ठेच्या वेळीच तिची मुदत ठरलेली असते, आणि उत्तरपूजेनंतर तिच्या विरघळण्याला कोणी हानी म्हणत नाही. ध्वनी तर उमटताच मावळणारा. फुले, अक्षता, गुलाल यांचेही तेच. ज्या सोहळ्यात देवाची मूर्तीदेखील टिकविण्याचा आग्रह नाही, त्या सोहळ्यातून एक यंत्र तेवढे अभंग घरी परत यावे, अशी इच्छा धरणे ही आसक्ती नव्हे काय? हा आक्षेप मी मुद्दाम कठोर शब्दांत मांडतो, कारण तो खरोखरच विचार करण्यासारखा आहे आणि वैराग्याची चाड असलेल्या माणसाच्या मनात तो यावाच.

माझे उत्तर असे आहे की, ध्वनी नाशिवंत आहे म्हणूनच वाद्य टिकाऊ असले पाहिजे. भित्तिचित्राचा पोपडा गळाला तर जाणकार माणूस वर्षांनंतरही तेथे उपचार करू शकतो. पोथीचे पान फाटले तर दुसऱ्या प्रतीवरून पाठ लावता येतो. परंतु आरतीच्या मध्यावर ठेका तुटला, तर तो तुटलेला क्षण कोणत्याही कारागिराच्या हाती पुन्हा लागत नाही. दुसऱ्या दिवशी कितीही निर्दोष वाजविले तरी ते दुसरे वाजविणे झाले. जे दुरुस्त होऊच शकत नाही त्याचा सगळा भार जे दुरुस्त होऊ शकते त्याच्यावर येतो. म्हणून वाद्याच्या मजबुतीची काळजी वाहणारा वादक वस्तूला चिकटलेला नसतो. ज्या श्रोत्यांनी आपला तो क्षण त्याच्या हवाली केला आहे, त्यांच्या ठेवीचा तो राखणदार असतो, आणि ठेव सांभाळणे हे धर्मशास्त्रातही व्यवहाराचे एक प्रमुख प्रकरण आहे.

एकदा हे मान्य केले म्हणजे टिकाऊपणा नेमका कोठे असतो हे शोधावे लागते, आणि येथे मला थोडे बारकाईने लिहिणे भाग आहे. यंत्राच्या वजनावरून किंवा वेष्टनाच्या दिमाखावरून टिकाऊपणा ओळखता येत नाही. कीबोर्डाच्या पाठीमागे जेथे वायरची पिन शिरते ते भोक पाहावे. काही यंत्रांत त्या सॉकेटाभोवती धातूचे नट असते आणि ते बाहेरच्या पत्र्याला आवळलेले असते. कोणाचा पाय वायरीत अडकून हिसका बसला, तर तो पत्र्यावर जातो. दुसऱ्या यंत्रांत तेच सॉकेट आतल्या सर्किटच्या पट्टीवर केवळ कथलाच्या डागांनी उभे असते. प्रत्येक हिसक्याने त्या डागाभोवती केसासारखी बारीक वर्तुळाकार भेग पडत जाते, दुकानात ती कोणाला दिसत नाही, आणि मग ऐन चौकात, वायर एका विशिष्ट कोनात धरली तरच आवाज येतो, अशी अवस्था होते. आपल्याकडे जिला सरसकट लूज कॉन्टॅक्ट म्हणतात ती व्याधी बहुधा येथे जन्मते. अॅडाप्टरच्या पिनेची कथा याहून केविलवाणी आहे: हजारोंचे यंत्र एका गुळगुळीत, कोणत्याही खिट्टीवाचून नुसत्या घर्षणाने बसलेल्या पिनेवर जगत असते. मायक्रोफोनच्या तीन खिळ्यांच्या जोडणीला निदान बसल्यावर खट्‌ आवाज करणारी खिट्टी असते. पाव इंची जॅक ही तर एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन केंद्रांची देणगी. तेथे तो दिवसभरात असंख्य वेळा काढण्या-घालण्यासाठीच योजलेला होता, आणि त्याची ती चिवट प्रकृती अजून उपयोगी पडते. ओल्या बोटांनी गोंधळून जाणारा स्पर्शपडदा मला मिरवणुकीसाठी मुळीच पसंत नाही. ज्या कळेची जागा अंधारात अंगठ्याला कळते तीच भरवशाची.

नित्यत्वाच्या वादाला अनपेक्षित उजेड देणारी एक घटना या यंत्रांच्या जगात घडते. 1983 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका व्यापारी प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एका वायरीने जोडून वाजवून दाखविली गेली, आणि तेव्हापासून मिडी नावाची पद्धत सर्वत्र रूढ झाली. या वायरीतून ध्वनी जात नाही, हुकूम जातात: अमुक स्वर सुरू कर, हा एक हुकूम, तो स्वर थांबव, हा दुसरा. आता पहिला हुकूम पोहोचला आणि दुसरा निघण्यापूर्वी धक्क्याने वायर निसटली, तर काय होते? स्वर थांबत नाही. ऑर्गनसारखा न विरणारा आवाज लावलेला असेल तर तो वाजतच राहतो. त्याला क्षय नाही, अंत नाही. वादक हात उचलून उभा असतो आणि यंत्र त्याच्या हाताशी काहीही संबंध न ठेवता गात असते. मीमांसकांनी शब्दाला दिलेले अविनाशित्व ध्वनीला लाभले तर ते प्रत्यक्षात असे ऐकू येते, आणि ते ऐकणाऱ्या कोणालाही त्यात ब्रह्माचा प्रत्यय येत नाही. आधी हे बंद करा, अशीच ओरड होते. स्वराला अर्थ येतो तो त्याच्या थांबण्यामुळे. या अनवस्थेवर मिडीच्या रचनाकारांनी एक सुंदर तजवीज करून ठेवली आहे. काही वाद्ये दुसरे काहीच सांगावयाचे नसले तरी ‘मी आहे’ एवढाच निरोप सतत पाठवीत राहतात, आणि तो निरोप ओळखणाऱ्या पलीकडच्या वाद्याला तो एकदा मिळू लागल्यानंतर तीनशे मिलिसेकंदांत काहीच आले नाही, तर संबंध तुटला असे समजून ते स्वतःच सगळे स्वर शांत करते. उपकरण घेताना ही तरतूद त्यात आहे की नाही, हे विचारणारे गिऱ्हाईक विरळा. मी मात्र ती मजबुतीच्याच सदरात धरतो, कारण बिघडल्यावर कसे वागावे हे ज्याला ठाऊक आहे त्याच्यावर अधिक विश्वास टाकता येतो.

कधीच बिघडत नाही असे यंत्र, या कल्पनेवर माझा विश्वास नाही. यंत्रातल्या काही कपॅसिटरांच्या पोटात ओलसर द्रव असतो आणि तो वर्षानुवर्षे सुकत जातो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्म्यावर येते, असा अभियंत्यांचा सर्वसाधारण आडाखा आहे, आणि भर दुपारी बंद टेम्पोत ठेवलेल्या पेटीचे काय होत असेल ते यावरून कळावे. जुन्या कीबोर्डांत वादकाने रचून ठेवलेले आवाज एका बटणाएवढ्या बॅटरीच्या आधाराने स्मरणात राहतात. ती संपली की ते सगळे एका रात्रीत नाहीसे होतात. प्रश्न एवढाच की ती बॅटरी खोबणीत बसविलेली आहे, की डाग देऊन कायमची जखडलेली. स्क्रूंनी उघडणारे, सुटे भाग मिळणारे आणि लॅमिंग्टन रोडवरच्या एखाद्या जाणत्या कारागिराला ज्याची अंतर्रचना पाठ आहे असे यंत्र, कडेकोट बंद केलेल्या महागड्या यंत्रापेक्षा मी श्रेष्ठ मानतो. पहिले जरा लवकर आजारी पडेल. परंतु त्याला वैद्य आहे. दसऱ्याला आपण या पेट्यांवर झेंडू वाहतो, हळद-कुंकू लावतो, हे मला मनापासून आवडते. फक्त ते कुंकू कळांच्या फटींत न सांडता वरच्या पत्र्यावर लावावे आणि त्याच दिवशी मागचे झाकण उघडून आतली धूळ मऊ कुंचल्याने काढावी. ही सेवाही पूजेचेच अंग समजण्यास शास्त्राची हरकत असेल असे मला वाटत नाही.

कोणी म्हणेल, खरा नाद अनाहत. तो योग्याच्या अंतरंगात आघाताशिवाय उमटतो, त्याला ना पत्रा लागतो ना जनित्र. मग या बाह्य साधनांचा एवढा खल कशाला? तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने संगीतरत्नाकर लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने या शंकेचे समाधान फार समतोलपणे केले आहे. अनाहताची उपासना मुक्ती देते हे तो मान्य करतो, परंतु त्यात लोकांचे रंजन नाही, हेही तो सांगतो. आणि आघाताने उपजणारा नाद रंजकही आहे आणि भवबंधन तोडणाराही, असा निर्वाळा देतो. रस्त्यावर हजारो माणसे एका ठेक्यावर पावले टाकतात त्यांचे दैवत हा आहत नादच आहे. म्हणून आघात सोसणारे साधन नीट पारखून घेणे त्या उपासनेच्या बाहेरचे काम नाही.

तथापि शार्ङ्गदेवाच्या रंजक या शब्दाला एक मर्यादाही आहे, आणि ती सांगितल्यावाचून माझ्याने राहवत नाही. ज्या आवाजाने खिडकीच्या काचा थरथरतात आणि शेजारच्या घरातला रुग्ण उशीत तोंड खुपसतो, तो नाद नव्हे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिवर्धकांना मनाई केली, तेव्हा उत्सवाचा घात झाला नाही, नादाची मर्यादा राखली गेली. मोठा आवाज काढण्यासाठी घेतलेले जास्तीचे स्पीकर जनित्रावर भार टाकतात, दाब पाडतात आणि कीबोर्डाला मध्येच मूर्च्छा आणतात, हेही पथकांनी ध्यानात घ्यावे. तेवढे पैसे वाचवून दोन चांगल्या वायरी, एक वेगळा स्टॅबिलायझर आणि एक अस्सल कातडी ढोलकी घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. आळंदीहून पंढरीपर्यंत आषाढातल्या पावसात चालणाऱ्या दिंड्यांनी टाळ आणि मृदंग यांवरच पिढ्यान्‌पिढ्या भागविले आहे. जनित्र बंद पडून सगळे दिवे गेले, तरी ती ढोलकी हाती असलेल्या पथकाला ठेका सोडावा लागणार नाही, आणि दरम्यान कोणीतरी फ्यूज बदलू शकेल.